भिंगासमोर बोलायचं नाही

बाई हसायला बाहेर जायच्या. आमच्या तपासणीच्या खोलीत कुणी काही गमतीचं बोललं की बाईंचे ओठ घट्ट मिटायचे, खांदे गदगदा हलायला लागायचे, आणि हातातलं भिंग जागच्या जागी ठेवून, खुर्ची मागे सारून, दोन दारं ओलांडून त्या अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहायच्या. मग तिकडून हसू ऐकू यायचं. असंतसं नाही, शेजारच्या कारखान्यातला चौकीदार दचकून खुर्चीत सरळ बसेल असं. पोटभर हसून झालं की डोळे पुसत, हात धुऊन बाई पुन्हा आत. तोवर आम्ही गंमत विसरून कामाला लागलेलो असायचो.

रागवायचं असलं तरी हाच रस्ता. "बाहेर चाल" एवढंसुद्धा त्या खोलीत बोलत नसत, नुसतं दाराकडे बोट दाखवायच्या. ते बोट दिसलं की हातातलं काम ठेवून निमूट उठायचं. कडुनिंबाखाली नेऊन असं काही झाडायच्या की झाडावरचे कावळेही थोडं सरकून बसत. आणि आत आल्यावर काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं तेच भिंग पुन्हा तुमच्या हातात. शिंक, जांभई, उसासा, सगळ्याची जागा बाहेर. मला वाटतं हिंगण्याच्या अख्ख्या एमआयडीसीत एवढं बोलणं ऐकलेलं दुसरं झाड नसेल.

हे सगळं कशासाठी ते सांगायला हवं, नाहीतर बाई वेड्या वाटतील. थोड्या होत्याच, पण उगाच नव्हत्या. आमचं युनिट लहानसं आहे. लोखंडाचे पत्रे लेसरनं कापणाऱ्या यंत्रांची भिंगं आणि काचा आमच्याकडे तपासायला, साफ करायला येतात. ज्या उजेडानं जाडजूड पत्रा लोण्यासारखा कापला जातो, तो आधी या भिंगातून जातो. भिंग स्वच्छ असलं तर त्याला काही होत नाही. पण त्यावर धुळीचा कण, बोटाचा ठसा किंवा थुंकीचा थेंब असला, की तो डाग उजेड पितो, तापतो आणि भिंगाला जाळून टाकतो. बोलताना असे थेंब उडतात हे तुम्हा-आम्हाला जाणवतही नाही. बाईंना ते सतत जाणवायचं. समोरचा माणूस बोलत असला की त्या त्याच्या तोंडाकडे अशा बघायच्या, की नवखा माणूस बिचारा दातात काही अडकलंय का म्हणून जीभ फिरवायचा.

भिंगाच्या अंगावर एक अगदी पातळ लेप असतो. त्याला आम्ही कोटिंग म्हणतो. टॉर्चच्या आडव्या उजेडात धरलं की तो जांभळट-निळसर चमकतो. तो लेप जळला किंवा उकलला, की आमच्या हातात काही राहत नाही. डाग पुसता येतो, गेलेला लेप पुसून परत येत नाही, उलट पुसायला जावं तर आणखी निघतो. आणि पंचाईत अशी की पहिल्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. नवीन माणसाचा हात लगेच पुसायला जातो. बाईंनी तो हात किती जणांचा किती वेळा धरला असेल, देव जाणे. "आधी पाहजो, मंग पुसजो," त्या म्हणायच्या. "डाग आहे का जखम आहे ते तं पाहून घे. जखमेवर फडकं फिरवते का कोणी?"

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. मला त्यांची आठवण येते ती बरोबर याच वाक्यासाठी येते असं नाही. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी मनीषनगरच्या चौकात सिग्नलला उभी असताना, काही कारण नसताना येते. आणि मग दिवसभर जात नाही.

मी उमरेडची. घरी हातमाग होता, बाबा विणायचे. तो माग आता अडगळीत आहे आणि माझा भाऊ मोबाईलच्या दुकानात बसतो. बीएस्सी होऊन मी मुलाखतीला आले तेव्हा प्रकाशाचं वक्रीभवन वगैरे सगळं घोकून आले होते. बाईंनी त्यातलं काही विचारलं नाही. मला कडुनिंबाखाली नेलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोहता येते का तुले?"

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. म्हटलं, "येतं. गावच्या तलावात शिकले."

"बुडी मारता येते?"

"येते."

"मंग जमते," बाई म्हणाल्या, आणि मालकांना सांगायला आत गेल्या. ज्याला पाण्यात श्वास धरता येतो त्याला भिंगावर धरता येतो, असा त्यांचा साधा हिशेब होता. माझ्या आधी एक इंजिनीअर मुलगा आला होता. त्याला पोहता येत नव्हतं. तो मोठ्या कंपनीत लागला, आता पुण्यात असतो, त्याचं काही बिघडलं नाही.

खोलीत काय काय चालत नसे त्याची यादी केली तर चालत काय असे हा प्रश्न पडावा. डोक्याला तेल नाही. पावडर नाही, अत्तर नाही, उदबत्ती नाही. कूलर तर नाहीच नाही. नागपुरात मे महिन्यात कूलरला नाही म्हणणारा माणूस एक तर संत असतो किंवा परगावचा. बाई दोन्ही नव्हत्या. कूलरच्या गार हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात आणि ते वाळले की मागे पांढरे ठिपके राहतात, म्हणून नाही. एसी होता, पण लाईट गेली की आम्ही भिजलेल्या चिमण्यांसारखे बसून राहायचो आणि बाई घामाचा एक थेंब टेबलावर न पडू देता भिंग पाहत राहायच्या. कपाळाला त्या चक्क टर्किश टॉवेलचा पट्टा बांधायच्या, क्रिकेटवाले बांधतात तसा.

आणि संत्रं नाही. यावर माझं त्यांच्याशी पहिलं भांडण झालं. सीझनमध्ये दुपारी हिंगण्यात जिकडेतिकडे संत्री सोलली जातात, आणि साल वाकवली की तिच्यातून जो बारीक फवारा उडतो, तो म्हणजे बाईंच्या दृष्टीनं तेलाची पिचकारी. जेवणानंतर आत येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांचा त्या वास घ्यायच्या. मी साबणानं धुऊन आले होते. तरी बाईंनी बोट दाराकडे केलं.

"बाई, मी हात धुतले ना!"

"नखात आहे."

"तुम्हीच तर काटोलहून पेटी आणली. तुम्हीच दिलं ना खायला!"

"मी खाऊ घातलं, पोरी. आत आणाले नाही सांगतलं."

ही गोष्ट खरी होती. बाईंचं माहेर काटोलचं, तिथे त्यांच्या बहिणीची संत्र्याची बाग. सीझनला पेटी यायची, बाई ती कडुनिंबाखाली स्वतः फोडायच्या, सगळ्यांना वाटायच्या, आणि मग पोलिसासारख्या दाराशी उभ्या राहून आमचे हात हुंगायच्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून त्यांनी काही वर्षं तालुक्याच्या कॉलेजात शिकवलं. ते का सोडलं, हे मात्र त्या स्वतःहून सांगायच्या: खडूची धूळ. ही थाप होती की खरं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मनीषनगरात त्यांचा लहानसा फ्लॅट होता. एकदा रविवारी मला जेवायला बोलावलं, आणि तिथे मी चाटच पडले. बाई दार उघडल्यापासून जे बोलायला लागल्या ते मी चपला घालेपर्यंत थांबल्या नाहीत. मसाला वाटताना बोलत होत्या, भाकरी थापताना बोलत होत्या. कॉलनीतलं राजकारण, लिफ्ट, भाजीवाल्याची सून, आणि मधेच प्रकाश हा लाटा आहे की कण. खोलीत दिवसभर तोंड मिटून बसलेली बाई ती हीच का, असं वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "लय बोलली ना वं मी? काय करू, सोमवार ते शनिवार साठते."

पण सोमवार कधी येतो याची त्या वाट बघत असायच्या हेही तेव्हाच लक्षात आलं. घरात त्या नुसत्या राहायच्या. असायच्या टेबलाशी. सकाळी आम्ही बसमधून उतरायच्या आत त्या आलेल्या असायच्या, टेबल पुसून, दिवा लावून, पहिलं भिंग समोर घेऊन. ते टेबल गेलं असतं तर बाईंकडे काही उरलं नसतं. हे त्यांना माहीत होतं, मालकांना माहीत होतं, आणि मलाही.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्याकडे सगळ्यात गर्दीचा. दसऱ्याला कारखान्या-कारखान्यातून यंत्रांची पूजा होते. हळदकुंकू, फुलं, नारळ, कापूर. कापराची काजळी कुठे जाते आणि कुंकवाचं बोट कुठे कुठे फिरतं, याचा पत्ता आमच्याकडे आठ दिवसांनी पार्सलमधून यायचा. बाई त्याला दसऱ्याचं पीक म्हणायच्या. "आलं वं पीक," म्हणत खोकी उघडायच्या. बाहेर, अर्थातच.

एका वर्षी एक म्हातारे फॅब्रिकेटर स्वतः भिंग घेऊन आले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. मुलांनी लेसरचं यंत्र घेतलेलं, त्याचं त्यांना फार कौतुक. दसऱ्याला त्यांनी काय केलं, तर यंत्राचं मुंडकं उघडायला लावलं आणि थेट भिंगालाच गंध लावून वर अक्षता चिकटवल्या. यंत्राचा खरा देव तोच ना, बाकी सगळा पत्रा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं आणि भिंग तडकलं. मुलं बापावर खवळली होती. म्हातारे अगदी अपराधी होऊन बाईंसमोर उभे.

"मॅडम, पूजाच तं केली मी. देवाले कोप काहून आला?"

आम्हाला वाटलं आता कडुनिंबाखाली काही खरं नाही. पण बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. भिंग कडेनं उचलून उन्हात धरलं आणि त्यांना दाखवलं, "हे पाहा बाबूजी. हा देवाचा डोळा आहे. तुम्ही देवाले कपाळावर कुंकू लावता का डोळ्यात टाकता?"

म्हाताऱ्यांनी टाळूवरची टोपी काढली. "डोळ्यातच गेलं नं बापा," ते म्हणाले. आणि मग बाईंनी जे सांगितलं ते आम्ही आजही गिऱ्हाइकांना सांगतो: दसऱ्याला यंत्राच्या झाकणाला फूल वाहा, भिंगाला फक्त नमस्कार करा, आणि तोही तोंड मिटून. म्हातारे दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला येत राहिले. आपट्याची पानं बाईंच्या हातावर ठेवून, एक शब्द न बोलता हात जोडायचे. तोंड मिटून, सांगितल्याप्रमाणे.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला आवडत नाही. आम्ही सगळे मास्क लावून बसायचो. बाई लावत नसत. मास्कच्या वरच्या फटीतून गरम श्वास निघतो आणि तो सरळ भिंगावर उतरतो, असं त्यांचं मत होतं. आम्हाला मास्क, कारण आमचा श्वासावर ताबा नाही. त्यांचा होता. भिंग हातात घेतलं की त्यांचा श्वास थांबायचा, पाहून झालं की मान वळवून, टेबलापासून दूर, हलकेच सुटायचा. खूप वर्षं हे इतकं नेमकं चाललं की त्यांना टोकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

साथीच्या दिवसांत बाईंना ताप आला. ताप गेला, खोकला राहिला. कोरडा, ठसक्यासारखा, मधेच उठणारा. सुरुवातीला बाई त्यालाही बाहेर घेऊन जायच्या. पण हसू आवरता येतं, राग आवरता येतो. खोकला दारापर्यंत थांबायला तयार नसायचा.

मग एका जुन्या गिऱ्हाइकाचं भिंग परत आलं. आमच्याकडून साफ होऊन गेलेलं, बसवल्या दिवशीच जळलेलं. मालक साधा माणूस. म्हणाले, "मॅडम, छोडो ना. नवीन पाठवून देऊ त्यायले. तिकडंच कोणी शिंकलं असन."

"नवीन तं जाईनच," बाई म्हणाल्या. "पण हे जळलं काहून?"

त्यांनी भिंग दिव्याखाली घेतलं. आम्ही भोवती उभे. भिंगावर बारीक बारीक गोल खड्डे होते, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ होत गेलेले. बाईंनी पाहिलं, भिंग ठेवलं आणि सगळ्यांना बोटानं बाहेर बोलावलं.

"हे धुळीचं नाही. धूळ अशी नाही बसत. डबी बंद करता करता याच्यावर कोणीतरी खोकललं आहे. आपल्याइथंच."

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त त्याच करू जाणे. बाद झालेल्या काचांचा ट्रे बाहेरच्या खोलीत मागवला, प्रत्येक काच पुसून ठेवली, आणि युनिटमधल्या एकेकाला बोलावलं. मास्क लावून, जसे रोज बसता तसे या, काचेसमोर वाका आणि खोका. आता हुकमावर खोकणं किती कठीण असतं ते करून पाहा. अकाउंटंट इतका सभ्यपणे खोकला की ते त्याच्या काचेलाही कळलं नसेल. पॅकिंगवाल्यानं असा जोर लावला की काच टेबलावरून खाली पडली. मालकसुद्धा लाजत लाजत खोकून गेले. मी खोकले. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण ते भिंग साफ मी केलं होतं. तपासून डबीत मात्र बाईंनी ठेवलं होतं.

बाईंनी एकेक काच आडव्या उजेडात धरली. सगळ्या साफ. मास्क आपलं काम करत होते.

"राहिलं कोण?" बाईंनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत होते. शेवटी अकाउंटंट हळूच म्हणाला, "मॅडम, आपण राहिल्या."

"हाव ना," बाई म्हणाल्या. खरंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "मी तं राहूनच गेली."

त्यांना मुद्दाम खोकावं लागलं नाही. काचेसमोर वाकल्या आणि खोकला आपणहून आला. मग त्यांनी काच उचलली, दिव्याखाली नेली, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर ती काच माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाह्य. अन् बोल, काय दिसते."

मी पाहिलं. बारीक गोल थेंब, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ.

"धूळ असेल, बाई."

"धूळ अशी बसते?"

"नाही."

"मंग?"

मी काच पुन्हा उजेडात आडवी धरली.

"मंग मी सांगते," बाई म्हणाल्या. "हे माह्यं आहे." आणि ती काच त्यांनी स्वतःच्या हातानं बादच्या ट्रेमध्ये ठेवली. आवाज न करता, कडेनं धरून, रोज ठेवायच्या तशीच.

मालकांनी पुष्कळ समजावलं. मी हातापाया पडले, म्हटलं, मास्क लावा ना बाई, काय होतं. त्यांनी लावून पाहिला. मास्क लावला की त्यांचा जीव गुदमरायचा, खोकल्याची उबळ यायची आणि हात आपसूक मास्क खाली ओढायचा. काही दिवस त्यांनी फार प्रयत्न केला. नुसत्या रिकाम्या टेबलाशी मास्क लावून बसून राहायच्या, डोळे लाल करून. मग एका सकाळी आम्ही आलो तर त्यांची खुर्ची खोलीच्या बाहेर होती आणि माझी खुर्ची त्यांच्या जागी.

"बस," त्या दारातून म्हणाल्या. "बसून राहिली काहून नाही?"

मी बसले. त्या दिवशी मी काय पाहिलं, काय पास केलं, मला काही आठवत नाही.

मालकांनी त्यांना बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या फोनवर बसवलं. दोन खोल्यांच्या मधे एक काचेची खिडकी आहे. बाई फोनवर बोलता बोलता त्या खिडकीतून माझ्या हातांकडे बघत असायच्या. माझा हात घाईनं पुसायला गेला की काचेवर टकटक. मी वर पाहिलं की बोट डोळ्याकडे: आधी पाहजो. खोकला आला की खिडकी सोडून पार भिंतीपर्यंत जायच्या. मधे जाड काच होती, खोकला इकडे यायचा प्रश्नच नव्हता. तरी जायच्या. ते मला बघवायचं नाही. मी मान खाली घालून काम करत राहायचे.

उन्हाळा त्यांनी कसाबसा काढला. पावसाळ्याआधी बहीण येऊन त्यांना काटोलला घेऊन गेली. जाताना सगळ्यांचा निरोप कडुनिंबाखाली झाला. बाई म्हणाल्या, "पाहा ना गंमत. जन्मभर संत्र्याले भ्याली, अन् आता बागेतच जाऊन बसून राहिली." सगळे हसले. मी नाही हसले.

तिकडे गेल्यावर काही दिवसांनी त्यांचा दुपारी फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

"काय आलं आज?"

मी सांगितलं, अमुक यंत्राचं भिंग, मधे डाग आहे.

"रंग सांग."

"मधे जांभळा गेलेला, कडेला निळा आहे अजून."

"गेलेला म्हणजे पांढरट का तपकिरी?"

असं सुरू झालं. मग रोजच यायला लागला. मी मालकांना विचारून फोन आतल्या खोलीत नेऊ लागले. दाराशेजारच्या कपाटावर स्पीकर लावून ठेवायचे, टेबलापासून लांब, आणि मास्कमधून बोलायचे. बाईंच्या खोलीत फोन! पण नियम ज्यांचा होता त्याच पलीकडे होत्या. मी वर्णन करायचे, त्या विचारायच्या. त्यांना बोलायला त्रास व्हायचा, म्हणून त्यांचे प्रश्न दिवसेंदिवस छोटे होत गेले. मागून ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर यायची आणि बागेतल्या पोपटांचा कलकलाट. थोडं बोलून झालं की त्या म्हणायच्या, "आता नको बोलू. फोन राहू दे. तू पाह्य."

मी पाहत राहायचे, त्या ऐकत राहायच्या. काय ऐकत असतील? धूळ उडवायला मी रबरी कुपी दाबून मारलेली हवा, पुसायच्या कागदाची सळसळ, आणि मी श्वास धरला की येणारी ती शांतता. मला वाटतं त्या शांततेसाठीच त्या फोन करायच्या. कधी तासभरही असं चालायचं. एवढा सोबतीचा वेळ मला पुन्हा कुणाबरोबर मिळालेला नाही. अजूनही त्या वेळेला माझे कान कपाटाकडे लागतात. तिथे आता स्पिरीटची बाटली ठेवली आहे.

शेवटचा फोन थंडीत आला. बाईंनी त्या दिवशी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "तू पाह्य."

मी एक नवंकोरं दिसणारं भिंग दिव्याखाली घेतलं होतं. लेप छान होता, अगदी सारखा, कडेपर्यंत निळा. आणि कपाटावरून खोकला सुरू झाला. लांबलचक, थांबता थांबेना. मी काही विचार केला नाही. माझ्या हातानं झटकन भिंगावर डबीचं झाकण ठेवलं. ते टक्कन वाजलं.

तिकडे खोकला हळूहळू बसला. मग बाईंचा आवाज आला, पार बसलेला.

"झाकलं का वं?"

मला काय करून बसले ते तेव्हा कळलं. काटोल कुठे, हिंगणा कुठे. फोनमधून कुणाचा खोकला येतो का भिंगावर? मला इतकी लाज वाटली, की खोटं बोलावंसं वाटलं. पण बाईंशी नाही बोलता आलं.

"झाकलं, बाई."

"शाबास," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, मला त्यांचा आवाज कळतो. मग म्हणाल्या, "आता उघड. आता नाही येत."

मी झाकण उचललं, भिंग कडेनं धरलं, उजेड आडवा केला आणि पाहायला लागले. पलीकडे यंत्राची घरघर तेवढी चालू होती. बाईंचा श्वास ऐकू येत नव्हता. माझं पाहून होईपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला होता.